अधिवृक्क ग्रंथी आणि स्टेरॉइड औषधे : उपयोग, मर्यादा व सावधगिरी

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, वर्धा नदी ओलांडल्यावर तेलंगणाच्या सीमेपर्यंत राजुऱ्याचा परिसर पसरलेला आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो प्रथम नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ साली चंद्रपूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा येथील आठवडी बाजारात कानांवर पडतात. एकीकडे कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने, तर दुसरीकडे कापसाची शेते आणि सागवानाचे जंगल असा हा प्रदेश आहे. कापूस वेचणे, तेंदूची पाने तोडणे, मोहफुले गोळा करणे, खाणीत वा बांधकामावर राबणे, ही येथील असंख्य कुटुंबांची उपजीविकेची साधने होत. या सर्व कामांत माणसाचे खरे भांडवल म्हणजे त्याचे धडधाकट हातपाय.

या हातापायांशी एका औषधगटाचा निकटचा संबंध आहे. स्टेरॉइड या नावाने तो सर्वसामान्यांस परिचित आहे. कुष्ठरोगाच्या रुग्णाची बोटे वाकडी होण्यापासून हे औषध वाचवू शकते. उलटपक्षी, ‘अंगदुखीची गोळी’ म्हणून तेच औषध वर्षानुवर्षे घेतले गेले तर हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो. एकाच औषधाची ही दोन टोके का, हे समजण्यासाठी प्रथम ते शरीरात मुळात कोठे तयार होते, हे पाहावयास हवे.

शरीरातील दोन लहान ग्रंथी

मानवी शरीरात पाठीच्या बाजूस, बरगड्यांच्या खालच्या भागाशी दोन मूत्रपिंडे असतात. मूत्रपिंडास संस्कृतात वृक्क असे नाव आहे. प्रत्येक वृक्काच्या माथ्यावर टोपीप्रमाणे बसलेली एक लहान ग्रंथी असते. तीच अधिवृक्क ग्रंथी होय. तिचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम भरते. सोळाव्या शतकात इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी याने या ग्रंथींचे वर्णन केले, परंतु त्यांचे कार्य काय याचा उलगडा होण्यास पुढे सुमारे तीनशे वर्षे लागली.

या ग्रंथीचे दोन भाग असतात. आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक स्रवते. जंगलवाटेवर अचानक अस्वल समोर आले की छातीत धडधडते, तोंडास कोरड पडते, पायांत पळण्याचे बळ येते. ही किमया अ‍ॅड्रिनॅलिनची असते. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

ग्रंथीच्या बाहेरच्या आवरणातून तीन प्रकारची संप्रेरके तयार होतात. पहिले अल्डोस्टेरॉन. ते शरीरातील मीठ व पाणी यांचे प्रमाण राखते आणि त्यायोगे रक्तदाब सांभाळते. दुसरे कॉर्टिसोल. या लेखाचा मुख्य विषय तेच आहे. तिसऱ्या प्रकारात लैंगिक संप्रेरकांच्या जातीची काही द्रव्ये येतात.

कॉर्टिसोलचे कार्य बहुविध आहे. उपाशीपोटी रक्तातील साखर घसरू न देणे, रक्तदाब टिकविणे आणि आजार, जखम वा शस्त्रक्रिया अशा संकटात शरीरास तग धरावयास लावणे ही त्याची कामे होत. याखेरीज आणखी एक महत्त्वाचे काम ते करते. रोगजंतूंशी लढताना शरीरात दाह निर्माण होतो. म्हणजे तो भाग लाल होतो, सुजतो, तापतो व दुखतो. हा दाह उपयुक्त असला तरी प्रमाणाबाहेर गेल्यास स्वतःच्याच अवयवांची हानी करतो. कॉर्टिसोल त्यास लगाम घालते.

कॉर्टिसोल किती तयार व्हावे, याचा निर्णय ग्रंथी स्वतः घेत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी तिला संदेश पाठविते आणि पोषग्रंथीवर मेंदूचे नियंत्रण असते. रक्तात कॉर्टिसोल पुरेसे झाले की संदेश मंदावतो, कमी पडले की वाढतो. पहाटे व सकाळी हे प्रमाण सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसोल तयार होते. मोठ्या आजारात हेच प्रमाण कित्येक पटींनी वाढते. ही व्यवस्था ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण स्टेरॉइड औषधांचे गुण आणि त्यांचे बहुतेक धोके तिच्यातूनच उद्भवतात.

ग्रंथीपासून गोळीपर्यंत

१८५५ साली लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉक्टर टॉमस अ‍ॅडिसन यांनी एका विलक्षण आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण दिवसेंदिवस अशक्त होत, त्यांची त्वचा काळवंडे आणि अखेरीस त्यांचा मृत्यू होई. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या आढळल्या. त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत कारण होते क्षयरोग. या दोन लहान ग्रंथींवाचून माणूस जगू शकत नाही, हे त्यावरून प्रथमच स्पष्ट झाले.

पुढे अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधील ताडेउश राइखश्टाइन यांनी ग्रंथीच्या बाह्य आवरणातील द्रव्ये वेगळी केली. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी त्यांपैकी कॉर्टिसोन हे द्रव्य संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस टोचले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात प्रेडनिसोलोन व डेक्सामेथासोन ही अधिक प्रभावी कृत्रिम औषधे तयार झाली. मात्र उत्साहाचा पहिला भर ओसरण्यापूर्वीच डॉक्टरांच्या ध्यानात आले की, या औषधाने दाह शमतो, परंतु संधिवाताचे मूळ जात नाही. शिवाय मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास चेहरा वाटोळा होतो, हाडे झिजतात आणि रोगजंतूंना मोकळे रान मिळते.

या औषधांचे सामर्थ्य त्यांच्या मात्रेवरून कळते. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे सुमारे २० मिलिग्रॅम नैसर्गिक कॉर्टिसोलच्या बरोबरीचे आहे. डेक्सामेथासोन तर याहूनही तीव्र आहे. त्याची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी शरीराच्या जवळजवळ दिवसभराच्या कॉर्टिसोलइतकी ठरते. दिसण्यास लहान आणि किमतीस स्वस्त असलेली ही गोळी किरकोळ समजू नये, याचे कारण हेच.

कुष्ठरोगातील प्रतिक्रिया : वेळेचे महत्त्व

चंद्रपूर व गडचिरोली हा भाग कुष्ठरोगाच्या दृष्टीने राज्यातील अधिक भाराचा प्रदेश राहिलेला आहे. याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. त्यासाठीची महारोगी सेवा समिती १९४९ सालची आहे. त्या काळी रुग्णांसमोर प्रभावी औषधे फारशी नव्हती. १९८३ साली राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफॅझिमिन यांचा एकत्रित म्हणजे बहुविध औषधोपचार हळूहळू सर्वत्र पोहोचला. २००५ अखेर राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून खाली आले. तथापि, ही सरासरी साऱ्या देशाची आहे. वनव्याप्त जिल्ह्यांत नवे रुग्ण त्यानंतरही आढळत राहिले.

बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात, ही गोष्ट आता पुष्कळांस ठाऊक आहे. त्यापुढचा भाग मात्र फारसा परिचित नाही. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेत व मज्जातंतूंत, म्हणजे नसांत घर करतात. कधी उपचार सुरू होण्यापूर्वी, कधी उपचार चालू असताना, तर कधी तो पूर्ण झाल्यानंतरही शरीराची प्रतिकारशक्ती या जंतूंवर किंवा त्यांच्या मृत अवशेषांवर एकाएकी तुटून पडते. यास प्रतिक्रिया म्हणतात. एका प्रकारात जुने चट्टे लाल होऊन फुगतात आणि नसा सुजून दुखू लागतात. दुसऱ्या प्रकारात ताप येतो व अंगावर दुखऱ्या गाठी उठतात.

नस ही अरुंद आवरणातून जात असते. तेथे सूज आली म्हणजे आतील तंतू दाबले जातात. कोपराजवळची नस बिघडली की करंगळी व अनामिका आत वळू लागतात. गुडघ्याच्या बाहेरील बाजूची नस बिघडली की पाऊल लोंबते आणि चालताना फरपटते. चेहऱ्याची नस बिघडली की डोळा पूर्ण मिटत नाही. हाताची संवेदना गेली की चुलीवरील तवा भाजतो हे कळत नाही, पायाची गेली की काटा रुतलेला समजत नाही. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी एक गोष्ट दाखवून दिली. कुष्ठरुग्णाची बोटे रोगाने ‘झडत’ नाहीत. वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या जखमांनी ती नष्ट होतात.

येथे प्रेडनिसोलोन उपयोगी पडते. ते जंतूंना मारीत नाही, परंतु नसेची सूज उतरविते. राष्ट्रीय कार्यक्रमात सर्वसाधारणपणे दिवसास ४० मिलिग्रॅमने प्रारंभ करून दर दोन आठवड्यांनी मात्रा ३०, २०, १५, १० व ५ मिलिग्रॅम अशी उतरवीत बारा आठवड्यांत उपचार पूर्ण करण्याची पद्धत आहे. नसेच्या स्थितीनुसार वैद्यकीय अधिकारी हा काळ वाढवितात. नसेची दुर्बलता सहा महिन्यांहून जुनी नसेल तर ती भरून येण्याची आशा बरीच असते. त्यानंतर ही संधी झपाट्याने कमी होत जाते. म्हणजेच औषध उपलब्ध असणे पुरेसे नाही, ते वेळेवर पोहोचणे निर्णायक आहे.

या बाबतीत तीन गैरसमज नुकसान करतात. चट्टे लाल झालेले पाहून रुग्णास वाटते की सरकारी गोळ्या बाधल्या, आणि तो बहुविध औषधोपचारच सोडून देतो. वास्तविक प्रतिक्रिया आली तरी मूळ औषधे चालूच ठेवावयाची असतात. दुसरा गैरसमज म्हणजे उपचार संपला की धोकाही संपला. वस्तुतः प्रतिक्रिया नंतरही येऊ शकते. तिसरा म्हणजे वेदना नसेल तर सर्व ठीक आहे. नस न दुखताही निकामी होऊ शकते. म्हणूनच आरोग्य कर्मचारी बॉलपेनच्या टोकाने तळहात व तळपायाची संवेदना तपासतात आणि बोटांची ताकद पाहतात. ही तपासणी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये.

औषध एकाएकी का थांबवू नये

पोषग्रंथी व अधिवृक्क ग्रंथी यांच्यातील संदेशव्यवस्थेचे येथे पुन्हा स्मरण करावे. गोळीतून भरपूर स्टेरॉइड मिळू लागले की पोषग्रंथी संदेश पाठविणे थांबविते. काम उरले नाही म्हणजे अधिवृक्क ग्रंथी सुस्तावते व आक्रसते. घरात गडी ठेवल्यावर घरच्या माणसाची कामाची सवय मोडावी, तसाच हा प्रकार असतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ औषध घेतले असेल आणि ते एके दिवशी अचानक बंद केले, तर शरीरास बाहेरचेही स्टेरॉइड मिळत नाही व आतलेही तयार होत नाही. त्यामुळे अतिशय थकवा, मळमळ, उलट्या, पोटदुखी व चक्कर ही लक्षणे दिसतात. रक्तदाब घसरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. ताप, अपघात वा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी तर हा धोका अधिकच वाढतो. अशा वेळी तातडीने हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन व शिरेतून सलाइन द्यावे लागते. ग्रंथी पूर्ववत होण्यास कित्येक महिने, क्वचित एक वर्षही लागते. मात्रा पायरीपायरीने उतरविण्याचे कारण हेच आहे.

राजुरा परिसरात या नियमाला एक व्यावहारिक अडचण आडवी येते. हंगामात या वनपट्ट्यातील अनेक मजूर कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. बारा आठवड्यांचा उपचार अर्ध्यावर असताना रुग्ण परगावी गेला आणि गोळ्या संपल्या, तर औषध नेमके एकाएकी तुटते. म्हणून स्थलांतराची शक्यता असल्यास रुग्णाने ते आधीच सांगावे. आरोग्य केंद्राने पुढील मात्रेची सोय करून, औषधाचे नाव, चालू मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याजवळ द्यावी. ही चिठ्ठी खिशात असली तर सीमेपलीकडील डॉक्टरलाही काही क्षणांत सर्व उमगते.

अनोळखी गोळ्या आणि भुकट्या

जेथे औषधाची खरी गरज आहे तेथे ते उशिरा पोहोचते आणि जेथे गरज नाही तेथे ते मुबलक मिळते, ही या विषयातील दुःखद विसंगती होय. दिवसभर राबून आलेल्या माणसास सांधेदुखी, कंबरदुखी असतेच. तो अनधिकृत वैद्याकडे किंवा बाजारातील विक्रेत्याकडे जातो. त्यास नाव नसलेल्या गोळ्यांची पुडी अथवा ‘जडीबुटीची’ भुकटी मिळते. दुसऱ्या दिवशी दुखणे पळते, भूक लागते, उत्साह वाटतो. काही आठवड्यांत गाल भरतात आणि ‘तब्येत सुधारली’ असे शेजारीही म्हणतात. सांधेदुखी व दमा यांवरील तथाकथित वनौषधींमध्ये स्टेरॉइडची भेसळ निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत वारंवार सापडली आहे.

चेहऱ्याचे हे भरणे आरोग्याचे लक्षण नसून औषधाचा परिणाम असतो. चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, पोट सुटते, मात्र हातपाय बारीक होतात. पोटावर जांभळट रेघा उमटतात, किरकोळ लागले तरी त्वचेवर काळेनिळे डाग पडतात. रक्तदाब व साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर होतो, लहान मुलांची वाढ खुंटते. शिवाय रुग्णास आपण स्टेरॉइड घेत आहोत हेच ठाऊक नसते. विक्रेता गावातून निघून गेला की पुडी बंद होते आणि वर वर्णिलेले संकट ओढवते. त्या स्थितीत रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी ती रिकामी पुडी डॉक्टरांना दाखविली, तर निदानास मोठे साहाय्य होते.

मलमांची कथा यापेक्षा वेगळी नाही. पावसाळ्यात ओल्या कपड्यांमुळे जांघेत, कमरेला नायटा अथवा गजकर्ण होते. हा बुरशीचा रोग आहे. दुकानातून आणलेल्या मलमात बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे तीव्र स्टेरॉइड असले, तर खाज दोन दिवसांत थांबते, परंतु त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी मुकाट्याने पसरत राहते. मलम थांबविले की खाज दुपटीने येते आणि मग घरातील सर्वजण तीच नळी वापरू लागतात. चेहरा उजळ करण्यासाठी अशी मलमे लावणाऱ्या तरुण-तरुणींच्या चेहऱ्यावर लाली, मुरूम व लव कायमची राहिलेली त्वचारोगतज्ज्ञांना पाहावी लागते. केंद्र शासनाने २०१८ साली १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीविना करता येणार नाही असा नियम केला. नियमाची परिणामकारकता मात्र दुकानदाराच्या प्रामाणिकपणावर आणि ग्राहकाच्या जाणिवेवर अवलंबून असते. कुष्ठरोगाच्या प्रदेशात आणखी एक भान हवे. फिकट वा लालसर चट्टा दिसल्यावर प्रथम त्याची संवेदना तपासून घ्यावी. नायटा समजून मलम चोळीत राहिल्यास मोलाचे महिने वाया जातात.

एकच औषध, दोन परिणाम

योग्य रुग्ण, योग्य वेळ व योग्य ठिकाण यांवर स्टेरॉइडचा गुण अवलंबून असतो, याची दोन मोठी उदाहरणे अलीकडच्या काळात मिळाली.

पहिले अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे. गर्भातील बाळाची फुप्फुसे शेवटच्या आठवड्यांत परिपक्व होतात. मुदतीपूर्वी प्रसूती होण्याची चिन्हे असल्यास मातेस स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली दाखविले. पुढे हा उपाय गावपातळीवर सरसकट नेता येईल का, हे सहा देशांत तपासण्यात आले. त्यांत भारतातील बेळगाव व नागपूर ही क्षेत्रे होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा होता. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण जन्मांत दर हजारी ३.५ मृत्यू अधिक आढळले. इंजेक्शन मिळालेल्या अनेक मातांची प्रसूती प्रत्यक्षात मुदतपूर्व झालीच नव्हती. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील सुसज्ज रुग्णालयांत दुसरी चाचणी घेतली. तेथे गर्भाचे आठवडे नीट मोजले जात होते आणि नवजात बाळाची शुश्रूषा उपलब्ध होती. २०२० साली जाहीर झालेल्या त्या निकालात डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा १९.६, तर न मिळालेल्या गटात शेकडा २३.५ होते. दोन्ही वेळा औषध एकाच जातीचे होते. फरक होता तो अचूक निदानाचा व पुढील शुश्रूषेचा. यावरून गरोदर स्त्रीची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत होणे किती आवश्यक आहे हे कळते. शेवटच्या पाळीची तारीख नोंदलेली नसेल, तर आठवडे मोजणार कसे?

दुसरे उदाहरण कोविड साथीचे. २०२० साली ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर प्राणवायूवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांस मात्र काहीच लाभ झाला नाही. तरीही सौम्य आजारात हे औषध सर्रास घेतले गेले. २०२१ साली महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने अनेकांचे डोळे व जबडे गेले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरिक्त वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

उपचारापूर्वी डॉक्टरांना काय सांगावे

स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी रुग्णाने आपली पूर्ण माहिती देणे हिताचे असते. जुना खोकला किंवा पूर्वीचा क्षयरोग असल्यास तो सांगावा, कारण दबलेला क्षय उसळू शकतो. मधुमेह, रक्तदाब व पोटातील व्रण यांची कल्पना द्यावी. अनवाणी चालणाऱ्यांच्या शरीरात त्वचेतून शिरणारे काही कृमी स्टेरॉइडमुळे बेसुमार वाढू शकतात. म्हणून जंताचे औषध आधी दिले जाते. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आढळतो. अशा रुग्णास स्टेरॉइडनंतर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यामुळे सिकलसेलचे तपासणीपत्र असल्यास ते अवश्य दाखवावे. गोळी सकाळी, काही खाल्ल्यानंतर घ्यावी. सकाळच्या वेळेमुळे शरीराच्या नैसर्गिक क्रमाशी ती जुळते.

हेही स्पष्ट केले पाहिजे की, भीतीपोटी आवश्यक स्टेरॉइड नाकारणे तितकेच घातक आहे. दम्याच्या रुग्णास श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड अत्यल्प मात्रेत थेट फुप्फुसांत जाते आणि ते नियमित घेतल्याने दम्याचे गंभीर झटके टळतात. मूत्रपिंडाच्या काही विकारांतही हे औषध उपयोगी पडते आणि अ‍ॅडिसनच्या आजारात तर या औषधास पर्याय नाही.

गावाची जबाबदारी

या विषयात ग्रामपंचायत, शाळा व शासकीय यंत्रणा यांना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. ग्रामसभेत आरोग्यविषयक चर्चेच्या वेळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाचारण करून कुष्ठरोगातील प्रतिक्रियेची लक्षणे गोंडी, कोलामी व तेलुगू जाणणाऱ्या आशा कार्यकर्त्यांमार्फत समजावून द्यावी. उपचार पूर्ण केलेल्या रुग्णांची पुढील तपासणी होते किंवा नाही याची विचारपूस सदस्यांनी करावी, मात्र रुग्णाचे नाव चव्हाट्यावर आणू नये. आठवडी बाजारात नाव नसलेल्या गोळ्या विकल्या जात असतील, तर त्याची माहिती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना व अन्न आणि औषध प्रशासनास कळवावी.

शिक्षकांची भूमिका याहून मोलाची आहे. विद्यार्थ्याच्या अंगावरील न खाजणारा, बधिर चट्टा शिक्षकाच्या नजरेस पडू शकतो. पेन्सिल धरताना बोटे ढिली पडणे किंवा पायातील चप्पल नकळत निसटणे ही नस दुर्बल झाल्याची पहिली चिन्हे असू शकतात. अशा मुलास वर्गात वेगळे न बसविता त्याच्या पालकांस विश्वासात घ्यावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. उपचार सुरू झालेला विद्यार्थी शाळेत येण्यास कोणतीही हरकत नसते. विज्ञानाच्या तासाला अंतःस्रावी ग्रंथींचा पाठ शिकविताना वहीत आकृती काढून घेण्याबरोबरच घरातील औषधाच्या वेष्टनावरील नाव वाचावयास शिकविले, तर ते ज्ञान मुलांमार्फत घरोघर पोहोचेल.

कुष्ठरोगाची औषधे आणि प्रतिक्रियेवरील प्रेडनिसोलोन शासकीय आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळतात. रुग्णापासून केंद्रापर्यंतचे अंतर मात्र अनेकदा मैलांपेक्षा संकोचाने आणि अज्ञानाने वाढलेले असते. ते कमी करण्यास नवी इमारत वा नवे यंत्र लागत नाही. बोटांत मुंग्या येऊ लागलेल्या माणसास त्याच आठवड्यात तपासणीसाठी नेणारा एखादा शेजारी, शिक्षक वा पंचायत सदस्य त्यासाठी पुरेसा असतो. वेळेवर मिळालेल्या बारा आठवड्यांच्या उपचाराने जो हात वाचतो, तो पुढील तीस-चाळीस वर्षे कापूस वेचतो, तेंदूची पाने बांधतो आणि आपल्या कुटुंबाचा संसार चालवितो.